किती देते?

आमच्या हट्ट्यात नव्या गाडीला हार घालण्याआधी एक प्रश्न घालतात, "किती देती?" काय देते, हे विचारायचे नसते. ॲव्हरेज! गेली वीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर बसतो आहे, आणि मुलाचा पगार व गाडीचे ॲव्हरेज सांगताना माणूस खरे बोलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पगार निदान पासबुकात दिसतो. ॲव्हरेज कुठल्याच पासबुकात येत नाही, त्यामुळे ते चहाच्या टपरीवर सुखाने वाढत राहते.

माझे या प्रश्नाशी वैर आहे.

मी बी.कॉम. आहे. या पदवीचा आयुष्यात फार उपयोग झाला नाही, तो इथे करून घेतो. हट्टा ते वसमतची शाखा, शिवाय औंढ्या नागनाथाच्या वाऱ्या, असे महिन्याला हजार किलोमीटर धरा. वर्षाचे झाले बारा हजार. शोरूममधला टायवाला पोरगा म्हणाला, "सर, ही वीस देते आणि ही चोवीस. फरक फक्त दीड लाखाचा." आता वीसच्या गाडीला वर्षाला ६०० लिटर लागतात, चोवीसच्या गाडीला ५००. वाचले शंभर लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरले (हिशेबाला सोपे म्हणून; पंपावर कोणी एवढे सोपे धरत नाही) तर वर्षाचे दहा हजार. म्हणजे दीड लाख वसूल व्हायला पंधरा वर्षे! तोवर गाडीची नोंदणीच संपते आणि आपण फेरनोंदणीसाठी आर.टी.ओ.च्या दारात उभे. दीड लाखावरचे व्याज मी धरलेलेच नाही. ते आम्हीच घेतो, त्यामुळे बोलता येत नाही.

आणखी एक गंमत पाहा. दहा देणारी जुनी जीप चौदा देऊ लागली, तर त्याच बारा हजारांत सुमारे ३४३ लिटर वाचतात. वीसची चोवीस झाली तर शंभरच. वाढ दोन्हीकडे चारचीच! म्हणून युरोपात उलटे मोजतात, शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते. गाडी किती खाते, हे तिथे तोंडावर विचारतात. आपल्याकडे खाण्याविषयी बोलायचे नाही, अशी एकूणच रीत आहे.

बरे, तो चोवीसचा आकडा आला कुठून? सरकारमान्य चाचणी होते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रुळांवर. गाडी जागच्या जागी उभी आणि फिरतात ती नुसती चाके. तिथे ना खड्डा, ना म्हैस, ना हळदीने भरलेली ट्रॉली. संस्थेचा दोष नाही हो, सगळ्या गाड्या एका मापाने मोजायला तेच बरोबर. पण त्या रुळांवरून वसमतला जाता येत नाही, एवढेच माझे म्हणणे. त्यात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी. म्हणजे आपलाच ऊस आपल्याच टाकीत जाऊन ॲव्हरेज खातो.

पण माझे वैर हिशेबातून आलेले नाही. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याची सत्तावीस देणारी गाडी आठवडाभर आमच्या अंगणात मुक्कामाला होती. एका रात्री दोन वाजता आईचा दमा उसळला. किल्ली खिशात ठेवून मी ऐटीत बटण दाबले. समोरचे दिवे एकदा लुकलुकले आणि गेले. बॅटरी! ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही, हे ज्ञान आम्हाला ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलल्यावर झाले. आत आई, श्वासाला शिट्टी लागलेली.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. शेजारच्या किराणावाल्या काकांकडे त्यातली एक होती, मागच्या सीटवर गुळाच्या ढेपा. ढेपा उतरवल्या, आईला बसवले, चौघांनी ढकलली. दुसऱ्या गिअरवर ती शिंकली आणि निघाली. परभणीच्या दवाखान्यात आईला वेळेत ऑक्सिजन मिळाला. सकाळी मास्क बाजूला करून ती पहिले वाक्य बोलली, "ती मोठी गाडी किती देती म्हणालास?"

मग मी शोरूम सोडून आमच्या मेकॅनिकमामांकडे गेलो. विचारले, "रात्री बंद पडली तर कुठली गाडी तुम्ही उघडाल? क्लचप्लेट कुठलीची वसमतला मिळते?" मामांनी पान्याने रस्त्यावरच्या तीन गाड्या दाखवल्या. त्यातली एक घेतली. छोटी, पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची, आणि किल्ली घालायला चांगले भोक असलेली. खरे तर ८०० च शोधावी असे मनात होते. पण तिला एअरबॅग नव्हत्या, आणि आईला वाचवून स्वतः मरण्यात काही ताळमेळ बसेना.

टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर टिपून, पुन्हा काठोकाठ भरून मी तीनदा मोजले. साडेसतरा देते.

परवा बसस्टँडवर एकाने बॉनेटवर हात ठेवून विचारलेच, "साहेब, किती देती?"

"बावीस," मी म्हणालो.

"आमची चोवीस देती," तो म्हणाला.