शिल्लक बरोबर आहे

गेल्या महिन्यात एके सकाळी आमच्या घरच्या संगणकाने टपाल आणण्यास नकार दिला. बटण दाबले की तो बराच वेळ विचार केल्यासारखे करी आणि शेवटी सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, अशी सूचना देई. दुरुस्तीसाठी येणाऱ्या मुलाने एक दृष्टिक्षेप टाकून निदान सांगितले, "काका, हा आता भंगारात द्या."

संगणक २००५ सालचा. त्यावर विंडोज एक्सपी, आणि टपालासाठी तेव्हापासूनचे आउटलुक एक्सप्रेस. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षेची नवी डागडुजी मिळणे बंद झाले, हे मला ठाऊक होते. म्हणूनच बँकेचे व्यवहार मी त्यावर करीत नाही. परंतु जे चालले आहे ते मोडू नये, हा संस्कार नोकरीतला. तो निवृत्तीनंतरही सुटत नाही. या वेळी अडचण कुलपाची होती. टपाल पुरविणाऱ्या सेवेला आता टीएलएस १.२ नावाचे नवे सांकेतिक कुलूप हवे होते. आउटलुक एक्सप्रेस किल्ल्या मागते ती एक्सपीकडे, आणि माझ्या एक्सपीच्या जुडग्यात ही किल्लीच नव्हती. मोझिलाचे थंडरबर्ड मात्र आपल्या किल्ल्या स्वतःबरोबर बाळगते. त्याची बावन्नावी आवृत्ती ही एक्सपीवर चालणारी शेवटची. ती घ्यावयाचे ठरले.

पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा ब्राउझरमध्येच टपाल पाहत जा ना." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण माझे टपाल पॉप पद्धतीने येत असे. म्हणजे पत्र सर्व्हरवरून घरी उतरले की तेथील प्रत पुसली जाई. तेरा वर्षांचा पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या टेबलाखालच्या त्या धुळकट पेटीत.

जुन्या पत्रांची आयात सुरू केली आणि संगणक दुपारभर घरघरत राहिला. संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. प्रत्येक कप्प्यातील पत्रांची संख्या डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. बेरीज केली तर छत्तीसचा फरक! छत्तीस पत्रे गेली कोठे? दोन तास शोधल्यावर जुना धडा आठवला: फरकाला नवाने भाग जात असेल, तर आधी आपले आकडे उलटसुलट लिहिले गेले नाहीत ना, ते पाहावे. पाहिले. १०६२ च्या जागी मी १०२६ लिहिले होते. चूक यंत्राची नव्हती, माझ्या हाताची होती. ताळा जमला. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी 'अण्णा' हा कप्पा उघडला.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. बेळगावला असत, २०१२ साली गेले. वयाच्या सत्तरीत ते मराठी टंकलेखन शिकले आणि दर रविवारी मला 'शिवाजी' फॉन्टमध्ये पत्र लिहू लागले. ती दोनशेहून अधिक पत्रे मोजणीत एकूण एक आली होती. तारखा बरोबर, वेळा बरोबर. आत मात्र मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांची अर्थहीन रांग, ओळीमागून ओळ.

कारण नंतर उमगले. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्या जुन्या फॉन्टमध्ये तसे नव्हते. पत्रात साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हेच; फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचा मुखवटा चढवी. मुखवटा उतरला की खालचा चेहरा उघडा पडे.

त्या पडद्यासमोर बसलो असता मला एक गृहस्थ आठवले. आमच्या शाखेत संगणकीकरण झाले तेव्हाची गोष्ट. खतावण्यांतून नव्या प्रणालीत आम्ही खात्यांची केवळ प्रारंभिक शिल्लक नेली होती. मागच्या नोंदी नेल्या नव्हत्या. हे निवृत्त शिक्षक नवे पासबुक घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. पहिल्या पानावर एकच ओळ, एकच आकडा.

"साहेब, आधीचे काहीच नाही यात."

"शिल्लक बरोबर आहे ना?"

"शिल्लक बरोबर आहे हो. पण जुने पासबुक घरात पाणी शिरले तेव्हा खराब झाले. मुलाने पहिल्या पगारातून पाठवलेल्या पैशांची नोंद त्यात होती. तुमच्याकडे सापडेल वाटले."

"गुरुजी, शिल्लक बरोबर आहे," मी पुन्हा म्हणालो, आणि मागच्या माणसाला हाक मारली. खतावणी अभिलेख खोलीत होती. शिपायाला सांगून काढवून घेण्यास अर्धा तास लागला असता. त्यांचा मुलगा हयात होता की नाही, हे मी विचारले नाही. रांग मोठी होती, हे खरे. पण ती रोजच मोठी असे.

अण्णांची पत्रे सापडली ती चौथ्या दिवशी. दुरुस्तीच्या मुलाने जुन्या यंत्रावर भार नको म्हणून सर्व टपाल 'साधा मजकूर' या रूपात दाखविण्याची व्यवस्था केली होती. साध्या मजकुरात फॉन्टचे नावच गळून पडते. 'पाहा' या यादीत जाऊन मूळ एचटीएमएल रूप निवडले, आणि पडद्यावर एकदम अण्णा बोलू लागले: "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. इकडे पाऊस वेळेवर झाला. गुडघा तसाच आहे." सौ. स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

पत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित करून देतो, असे चिरंजीवांनी कळविले आहे. तसे कार्यक्रम मिळतात म्हणे. जोडाक्षरांत चुका राहिल्या तर त्या मी दुरुस्त करीन. तोवर मी ती छापून घेऊ लागलो आहे. कागदावर एकदा उमटले की फॉन्ट असो वा नसो. एकसष्टाव्या पत्राच्या मध्यावर शाई संपली. या जुन्या प्रिंटरची शाई आता आमच्या गावात मिळत नाही. कोल्हापूरला जाणाऱ्या एका शेजाऱ्यांना आणावयास सांगितली आहे.