चिंटूचे केस आणि आमच्या भावना

रेघेवर प्रेम करायचा मक्ता या पुण्यात कुणाकडं आहे, ते एकदा स्पष्ट बोललं पाहिजे.

२०१२चा मे महिना आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातलं शंकरचं १९४९चं व्यंगचित्र संसदेत गाजलं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागं नेहरू, हातात चाबूक. आपली माणसं खवळली. लगेच पेठांतून उपदेश सुरू : अहो, चित्र आहे ते, चार रेघा, मनाला काय लावून घेता? पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या ऑफिसची काही जणांनी मोडतोड केली. मला ती आजही पटत नाही. खुर्ची फोडून रेघ पुसली जात नाही. पण त्या चार खुर्च्यांच्या नावावर अख्खा समाज अडाणी ठरवून टाकला, त्याचं काय?

आणि त्याच महिन्यात ‘चिंटू’ सिनेमा लागला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू, १९९१ला ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला. श्रीरंग गोडबोलेंनी त्याला हाडामांसाचा पोरगा केला. मग काय विचारता! आई पेठेत धुणंभांडी करायची, त्या घराच्या उंबऱ्याशी बसून मी कानांनी ऐकलंय. आमचा चिंटू असा नाहीच मुळी. केस बघ ना. आवाज भलताच. बगळ्या तरी बरा. मिनी अशी कुठं असते? एक आजोबा तर खरोखर हळवे झाले.

म्हणजे रेघ नुसती रेघ नसते, हे यांना पक्कं ठाऊक. रोज सकाळी चहाबरोबर बघितलेला चेहरा आपल्या घरचा होतो, त्याला कुणी हात लावला की पोटात तुटतं. बरोबर आहे की! आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर काय कॅलेंडर म्हणून लावलीय? पण त्यांचं दुखलं की ती रसिकता, आमचं दुखलं की ‘भावना दुखावल्या’. च्यायला, दुखण्यातसुद्धा सवर्ण-अवर्ण.

हे पुण्यातच आहे असं नाही. २०११च्या नोव्हेंबरात स्पीलबर्गचा टिनटिन आला, ॲनिमेशनवाला. चाहते म्हणाले, डोळे मेलेले वाटतात, चेहरे मेणाचे. त्यावर पानंच्या पानं समीक्षा. त्याच सुमाराला ब्रसेल्सच्या कोर्टात एक काँगोचा माणूस ‘टिनटिन इन द काँगो’विरुद्ध उभा होता. १९३१चं पुस्तक, जाड ओठांची, गोऱ्या पोरासमोर वाकणारी काळी माणसं. २०१२च्या फेब्रुवारीत कोर्टानं फिर्याद फेटाळली. काळच तसा होता म्हणे. मेणाच्या डोळ्यांची समीक्षा होते, जाड ओठांची फिर्याद करावी लागते.

चिंटू मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू. आई त्या घरातून पेपर आणायची, म्हणून आमचा चिंटू एक दिवस शिळा. पण कागदावरच्या त्या पोराला आडनाव नव्हतं. दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या गल्लीत मी त्याला खुशाल आणून सोडायचो, आमच्यातलाच एक बारका म्हणून. पडद्यावर आला आणि त्याला सोसायटी मिळाली, कॉलनीतले दोस्त मिळाले, आणि ‘पाणी’तला ण मिळाला. आमच्या गल्लीत ‘पानी’ भरतात. केसांवरनं, आवाजावरनं भांडले सगळे. पत्त्यावरनं कुणी भांडलं नाही. तो पत्ता त्यांना आधीपासून दिसत होता, बहुतेक फक्त मलाच दिसला नव्हता.

सिनेमात पोरांचं मैदान बळकावलं जातं आणि पोरं त्यासाठी लढतात. छान आहे. २०२१च्या जूनमध्ये आंबिल ओढ्याकाठची घरं भर पावसाळ्यात पाडली, तेव्हा तिथं पोरं नव्हती काय? त्यांची गोष्ट कुठल्या चौकटीत बसवली?

आता कुणी म्हणेल, पुढच्या चिंटूत एक वस्तीतला पोरगा घ्यायला सांगू. नको. तो घेतला तर कामवालीचा मुलगा म्हणून येईल, प्रामाणिक असेल, आणि शेवटी त्याला जुने बूट मिळतील.

आपल्यात हात चालणारी पोरं आहेत. भीमजयंतीचे बोर्ड रंगवतात, रिक्षांवर नावं काढतात. त्यांना सांगतो : चार चौकटींचा एक पोरगा काढा, ‘पानी’ म्हणणारा. केस हवे तसे काढा. पुढच्या अंकाच्या छपाईला मी गोदीतल्या ओव्हरटाइमचे पैसे देतो. चित्रं काळ्या शाईत पाठवा, पेन्सिलीतली नीट छापून येत नाहीत.