वायरमनच का, हे तुम्ही विचारलं नाहीत

आदरणीय सर,

२०२५ च्या जानेवारीत आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शन शिबिर झालं, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही आला होतात. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्यासारखं कुणी ना कुणी दर वर्षी येतंच, त्यामुळे हे पत्र त्या सगळ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्यांनाही आहे. पण लिहिते आहे ते तुम्हाला उद्देशून, कारण तुमचं एक वाक्य वर्ष उलटलं तरी माझ्या मनातून जात नाही.

तुम्हाला बहुधा आठवत नसेल, म्हणून सांगते. दहावीची मुलं सतरंजीवर बसली होती. काही वसतिगृहातली, काही पाड्यांवरून सकाळी डोंगर उतरून आलेली. जानेवारी होता, म्हणजे त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. तुम्ही पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत होतात, आणि मध्येच लाईट गेली. प्रोजेक्टर बंद पडला. मग तुम्ही मुलांशी बोलायला लागलात. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, कुणाला काय व्हायचंय? कुणीच उठेना. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. हा मुलगा वर्गात उत्तर येत असलं तरी बोलत नाही. घरी पावरी बोलणाऱ्या पोराला पाहुण्यांसमोर मराठीत तोंड उघडायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे, कारण मीही तशीच होते. तो म्हणाला, ‘वायरमन.’

तुम्ही हसलात. वाईट हेतूने नाही, हे मी मान्य करते. म्हणालात, ‘वायरमन? एवढंच? अरे, स्वप्नं तरी मोठी बघा!’ मग बाकीची मुलंही हसली आणि तो खाली बसला.

सर, त्या क्षणी खोलीत लाईट नव्हती. एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच्या पाड्यावरची डीपी त्याआधीच्या जूनमध्ये जळली होती. पावसाळाभर पाडा अंधारात होता. पिठाची गिरणी बंद, मोबाइल चार्ज करायला बाजाराच्या गावापर्यंत पायपीट. पोळ्यानंतर एक दिवस वायरमन आला. तो खांबावर चढला तेव्हा अख्खा पाडा खाली उभा राहून वर बघत होता. दिवे लागल्यावर लोकांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हा मुलगा त्या गर्दीत होता. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, कारण मी विचारलं. त्याच्या पाड्यावर आजवर मोठा साहेब कुणी आलेला नाही, वायरमन आला आहे. आपल्या माणसांच्या घरात उजेड आणणारा माणूस व्हावं, असं एका पंधरा वर्षांच्या पोराला वाटणं हे लहान स्वप्न कसं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि त्याच्या ‘वायरमन’ला पुढे केवढी शिडी आहे! दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा किंवा वायरमनचा ट्रेड. मग अप्रेंटिसशिप. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीला हेच ट्रेड मागतात. आणखी शिकावंसं वाटलं, तर आयटीआयवरून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हे तुम्हाला माहीत असणारच, तुमचं कामच ते. दोन मिनिटं लागली असती. तो मुलगा उभा होता, कान टवकारून उभा होता, आणि तुम्ही त्याला शिडीची पहिली पायरी दाखवण्याऐवजी ती पायरीच त्याच्या मनातून काढून टाकलीत.

त्याच रांगेत एक मुलगी होती. ती उठली नाही, उठणारच नव्हती. तिला नर्स व्हायचं आहे. तिच्या डोळ्यांसमोर पगार घेणाऱ्या बाया दोनच, उपकेंद्रातली सिस्टर आणि मी. तिला कुणी सांगायला हवं होतं की बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं, तेही जीवशास्त्र घेऊन, आणि त्यासाठी आता वेगळी सीईटीही द्यावी लागते. कला शाखा घेतली तर जीएनएमची वाट उघडी राहते, बी.एस्सी.ची बंद होते. तिच्या घरापासून जाण्यायेण्यासारख्या अंतरावर अकरावीला फक्त कला शाखा आहे. म्हणजे पंधराव्या वर्षी, कुणी काही न बोलता, एसटीच्या वेळापत्रकाने तिचं एक दार लावून टाकलेलं असतं. ते उघडं ठेवायचं तर विज्ञान शाखा असलेल्या गावात आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज करायला हवा, आणि तोही वेळेत. मार्गदर्शन म्हणजे मला हे अपेक्षित होतं.

आता माझं सांगते, कारण हा राग फक्त मुलांपायी आलेला नाही.

२००४ साली माझी बारावी विज्ञान शाखेतून झाली. एका व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या यादीत माझं नाव लागलं. गावात पेढे वाटले नाहीत, पेढे परवडत नव्हते, पण वडिलांनी गूळ वाटला. प्रवेशाला गेलो तर जमातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र मागितलं. ते काय असतं हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या कार्यालयात गेलो, तिथे सांगितलं, जुना पुरावा द्या, आजोबांचा शाळेचा दाखला आणा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्या नावाचा एकच सरकारी कागद घरात होता, लाकूड तोडलं म्हणून झालेल्या दंडाची पावती. वडील मजुरी बुडवून तीन आठवडे फिरले. मुदत संपली. माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली. मग मी डी.एड. केलं, कारण ओळखीची वाट तेवढीच होती, आणि नोकरीत राहून पुढची पदवी आणि बी.एड. पूर्ण केलं. शिकवणं मला आवडतं, ते खोटं नाही. पण ते मी निवडलेलं नव्हतं. वैधतेचा अर्ज बारावी संपायच्या आत करायचा असतो, एवढं एक वाक्य कुणी अकरावीत सांगितलं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही. पूर्वी फार करायची.

डी.एड.ला आम्हाला कोठारी आयोग होता. १९६४ ते १९६६. त्यात माध्यमिक शाळांसाठी मार्गदर्शनाची किमान योजना सुचवली होती: दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. त्या शिफारशीला आता साठ वर्षं होतील. माझ्या नोकरीत असा फिरता समुपदेशक आमच्या शाळेच्या पायरीवर मी एकदाही पाहिलेला नाही. फिरते पाहुणे पाहिले.

काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ साली दहावीसाठी कलचाचणी सुरू झाली. पुढे ती मोबाइलच्या अ‍ॅपवर आली, तेव्हा रेंज मिळावी म्हणून मी मुलांना घेऊन टेकडीवर गेले आहे. अहवालही आले. एका मुलाचा कल ‘गणवेशधारी सेवा’ निघाला. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, ‘म्हणजे वॉचमन का, बाई?’ अहवाल समजावून सांगायला कुणी आलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महाकरिअर पोर्टल आलं. चांगलं आहे ते, मी स्वतः बघते. पण त्या दिवसांत आमची मुलं पाड्यावर होती आणि मोबाइल, असला तर, वडिलांच्या खिशात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले, दहा पसंतिक्रम भरायचे. पुण्याच्या मुलासमोर खरोखर दहा कॉलेजं असतात. आमच्या मुलांनी नेट कॅफेवाला सांगेल ते भरलं.

तुमच्या एका चित्रावर आमच्या जिल्ह्याची माहिती होती. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. ती २०११ च्या जनगणनेची आहे आणि खरी आहे. त्याखाली ‘आकांक्षित जिल्हा’ असं लिहिलेलं होतं. नीती आयोगाने २०१८ मध्ये नंदुरबारला त्या यादीत घातलं. तुम्ही म्हणालात, जिल्हा आकांक्षित आहे, पण तुमच्यात आकांक्षा कुठे आहे? मुलं खाली मान घालून ऐकत होती. हेच मला सर्वांत जास्त लागलं. नर्मदेच्या बुडितातून उठून जगणाऱ्या गावांची ही मुलं आहेत, मोहाच्या दिवसांत पहाटे चारला उठून फुलं वेचून मग शाळेत येणारी. उन्हाळ्यात कैऱ्या कापून वाळवतात, आणि त्यांचा आमचूर व्यापारी नेतो. त्या आमचुरामागे अन्नप्रक्रिया नावाचं एक शास्त्र आहे, कोळद्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, हे त्यांना सांगायला तुमच्या लॅपटॉपमध्ये एखादं चित्र असायला हरकत नव्हती. नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ते आतून पाहिलेलं नाही.

तुम्ही डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण दिलंत. सामोड्याच्या झोपडीतून निघून डॉक्टर झाले, आयएएस झाले, आमच्याच जिल्ह्याचे कलेक्टर झाले. त्यांचं पुस्तक मी वर्गात वाचून दाखवलं आहे, मुलं श्वास रोखून ऐकतात. पण तुम्ही त्यांची जिद्द तेवढी सांगितलीत. ते लहान असताना त्यांच्या शिक्षकांनी आईला सांगितलं, हा हुशार आहे, याला चांगल्या शाळेत पाठवा, आणि मग ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेले. हे तुम्ही सांगितलं नाहीत. जिद्द त्यांची स्वतःची होती. नवोदयची वाट कुणीतरी दाखवली होती, वेळेवर.

त्या वायरमन व्हायच्या मुलाचं काय झालं, ते सांगते.

त्याला ५८ टक्के पडले. धडगावच्या नेट कॅफेत त्याने आयटीआयचा फॉर्म भरला, पैसे भरले, पावती जपून ठेवली. झालं, असं त्याला वाटलं. ऑनलाइन अर्ज भरल्यावर मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जाऊन तो निश्चित करावा लागतो, त्याशिवाय तो धरतच नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. निकाल लागतो मे महिन्यात, आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. मुलाला ज्या पंधरा दिवसांत माणूस हवा असतो, नेमकी तेव्हाच शाळेला कुलूप असतं. मी शहाद्याला सासरी होते. त्याने मला फोन केला होता, लागला नाही. हे माझ्या वाट्याचं आहे, ते मी तुमच्यावर ढकलत नाही.

दिवाळीनंतर मुकादमाने घरी उचल दिली आणि तो बारडोलीकडे गेला. कोयता घेऊन.

होळीला सगळे परत आले, तसा तोही आला. शाळेच्या फाटकाशी उभा होता, आत येत नव्हता. हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. मी चहा दिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, फॉर्म परत कधी सुटतील?’

या वर्षी मे महिन्यात मी शहाद्याला जाणार नाही. निकालापासून पंधरा दिवस शाळेची एक खोली उघडी ठेवायची परवानगी मी मागितली आहे, किल्ली माझ्याकडे राहील. दाखले, वसतिगृहाचे अर्ज, आयटीआय, अकरावी, जे जमेल ते करीन. मला सगळं येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं, रागावले आहे तरीही. प्रोजेक्टर आणू नका. एक दिवस त्याच्या शेजारी बसा, त्याला वायरमनच का व्हायचंय ते त्याच्याकडून ऐका, आणि त्याचा फॉर्म भरून त्याच्याबरोबर आयटीआयपर्यंत चला.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
धडगाव तालुका, जिल्हा नंदुरबार