बालकांच्या भीतीवर नफ्याचे पीक

मॅस्टोसायटोसिस हा लहान मुलांच्या त्वचेचा दुर्मिळ विकार. त्वचेत प्रमाणाबाहेर साठलेल्या मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात. अंगावरचे तपकिरी डाग चोळले गेले की लाल होऊन फुगतात, खाजतात. बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत हा विकार ओसरतो. तोवरचा उपचारही साधाच: उष्णता, घर्षण व काही विशिष्ट औषधे टाळणे आणि हिस्टामीनरोधक औषध देणे. यात भांडवलदाराला कमावण्यासारखे फारसे काही नाही.

कमाई आहे ती भीतीत. ज्या बालकांच्या अंगभर हा विकार पसरलेला असतो, त्यांच्यात क्वचित एकाएकी रक्तदाब कोसळून प्राण धोक्यात येतो. त्या क्षणी मांडीत ॲड्रेनलिन टोचावे लागते. घाबरलेल्या आईने कुपी फोडून, मात्रा मोजून सुई भरावी, ही अपेक्षाच निर्दय आहे. म्हणून अशा मुलांसाठी स्वयंचलित सुई जवळ बाळगण्याचा सल्ला दिला जातो. ती वापरली जावो वा न जावो, वर्ष-दीड वर्षात तिची मुदत संपते आणि नवी घ्यावी लागते.

अमेरिकेत या गरजेचे काय झाले? ॲड्रेनलिन १९०१ सालीच शुद्ध स्वरूपात हाती आले होते. सुईची रचना निघाली ती सैनिकांना विषारी वायूवरील उतारा टोचण्याच्या साधनातून. मायलन कंपनीने २००७ साली ‘एपिपेन’ ताब्यात घेतले, तेव्हा दोन सुयांच्या संचाची किंमत सुमारे १०० डॉलर होती. २०१६ साली ती ६०० डॉलरांवर गेली. औषध तेच, मात्रा तीच. वाढली ती मक्तेदारीची मुजोरी.

कंपनीने शाळांना फुकट सुया दिल्या, गरजूंना सवलती दिल्या, असे तिचे समर्थक सांगतात. परंतु एका हाताने लुटायचे आणि दुसऱ्या हाताने दान करायचे, ही भांडवलशाहीची जुनीच रीत आहे. लोकक्षोभ उसळताच २०१६ च्या अखेरीस त्याच कंपनीने तीच सुई दुसऱ्या वेष्टनात निम्म्या किमतीस बाजारात आणली. मग वरचे ३०० डॉलर कशाचे होते? पुढे २०१७ साली सरकारी आरोग्य योजनेला द्यावयाची सूट बुडविल्याच्या आरोपावरून तिने ४६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

दुर्मिळ आजाराच्या मुलांची संख्या थोडी. त्यांच्या मतांची कोणाला धास्ती नाही. म्हणूनच त्यांची बाजू संघटित चळवळीने घेतली पाहिजे. जीवरक्षक औषधाची किंमत उत्पादनखर्चावरून ठरली पाहिजे, पालकांच्या भीतीवरून नव्हे.