झरा वाचवायचा तर माथा वाचवा

सॅलॅमँडर दिसायला पालीसारखा, पण नाते बेडकाशी सांगणारा उभयचर. भारतात तो दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतो, सह्याद्रीत नाही. तरीही मीरा रोडच्या हाटकेशसारख्या दाट वस्तीत त्याची चर्चा व्हायला हवी. झऱ्यांवर जगणारे उभयचर आपल्याकडेही आहेत आणि झरे राखण्याची आपली रीत उलटी आहे. पाणी जिथे बाहेर पडते तिथे आपण कठडे आणि फरशा बसवतो. ते जिथे मुरते, तो डोंगरमाथा मात्र रिकामी जागा समजून बांधकामाला मोकळा सोडतो.

सह्याद्रीत पावसाचे पाणी भेगाळलेल्या, सच्छिद्र थरातून खाली झिरपते आणि घट्ट कातळ लागला की आडवे वाहत उतारावर फुटते. तोच झरा. वरची जमीन सिमेंटने झाकली की पाणी मुरण्याऐवजी नाल्याला लागते. झरा एका दिवसात आटत नाही. तो दरवर्षी थोडा लवकर बारीक होतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. उभयचरांना मात्र त्याची झळ आधी बसते. माथेरानच्या नमुन्यांवरून १८८८ साली शास्त्रीय नोंद झालेला ‘इंडिराना लेथी’ हा बेडूक पाहा. त्याची पिल्ले डबक्यात पोहत नाहीत, ओल्या कातळाला चिकटून शेवाळ खरवडतात. खडकावरून ओघळणारा पाण्याचा पातळ पापुद्रा हेच त्यांचे तळे. पिल्लांचे बेडूक होण्याआधी हा पापुद्रा सुकला, तर ती पिढी संपली. शिवाय उभयचर त्वचेवाटेही श्वास घेतात, त्यामुळे पाण्यातले विष थेट अंगात भिनते. जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के आणि सॅलॅमँडरच्या दर पाचांपैकी तीन जाती आज धोक्यात आहेत.

माथा राखता येतो, याचा दाखला अमेरिकेतील ऑस्टिन शहरात आहे. तिथल्या बार्टन झऱ्यांत एक सॅलॅमँडर राहतो. १९९३ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि १९९७ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण त्याआधीच, १९९२ साली, नागरिकांनी मतदान करून नियम मंजूर केला होता: झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या पट्ट्यात नव्या बांधकामाने भूखंडाचा ठिकाणानुसार १५ ते २५ टक्क्यांहून जास्त भाग झाकायचा नाही. लोक आजही त्या झऱ्यांच्या तलावात पोहतात. आपल्याकडे आंबोलीत पहिले पाऊल पडले. तिथल्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली आणि २०२१ साली राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. निर्णय स्वागतार्हच, पण क्षेत्र अवघे २.११ हेक्टर. कुंडाला पाणी देणारा डोंगर त्याहून कितीतरी मोठा आहे.

यावर आक्षेप येतो: माणसांना पाणी पुरत नसताना बेडकांचे काय घेऊन बसलात? पण इथे माणूस आणि बेडूक यांच्यात निवड करायचीच नाही. कातळ ओला ठेवणारे पाणीच पुढे विहिरीला आणि नदीला मिळते. दुसरा आक्षेप घरांचा. मुंबईलगत जागा महाग, त्यात आणखी बंधने कशाला? ऑस्टिन या नियमानंतरही झपाट्याने वाढले. नियमाने शहर थांबत नाही. कुठे दाट बांधायचे आणि कुठे जमीन उघडी ठेवायची, एवढेच तो ठरवतो. उलट डोंगरउतार झाकले, तर पावसाळ्यात तेच पाणी खालच्या वस्त्यांत घुसते आणि त्याचा भुर्दंड सामान्य माणूस भरतो.

मीरा-भाईंदरला हे लागू पडते. शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि चेणे नदी तिथूनच खाडीकडे उतरते. उद्यानाभोवती २०१६ साली पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, म्हणजे कायद्याचा आधार हाताशी आहे. महापालिकेने आणि वनविभागाने मिळून या उतारांवरील झरे व पाझर नकाशावर आणावेत, प्रत्येकाचे मुरणक्षेत्र आखावे आणि विकास आराखड्यात तिथे किती जमीन झाकता येईल, याची मर्यादा घालावी. पावसाळा सरल्यावर झरे कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात आणि ओल्या कातळावर बेडकांची पिल्ले दिसतात का, याची नोंद महाविद्यालयांचे विद्यार्थीही ठेवू शकतील. नदीकाठाच्या सुशोभीकरणाला निधी देण्याआधी हे काम व्हायला हवे. माथा सुकला, तर सुशोभित काठालगत वाहायला पाणीच उरणार नाही.