जीवाणी ज्या पाण्याची, त्याच पाण्यात



दशलक्षण पर्व जवळ आलं की महिला मंडळांच्या ग्रुपवर जीवदयेचे बेत सुरू होतात. गोशाळेला चारा, पक्ष्यांना धान्य, उन्हातान्हात पाण्याची भांडी. अलीकडे त्यात एक बेत वाढला आहे. बाजारातून जिवंत मासे किंवा छोटी कासवं विकत घ्यायची आणि तळ्यात, नदीत सोडून त्यांना अभयदान द्यायचं. हेतू चांगलाच आहे. तरीही हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण आपल्याच पाणवठ्यावर आहे.

आपण पाणी गाळून घेतो. घट्ट विणीचं जाड कापड दुहेरी करायचं, ४८ मिनिटांनी पुन्हा गाळायचं, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण घरोघरी नळ आल्यापासून या क्रियेचा उरलेला अर्धा भाग मागे पडला, तो म्हणजे जीवाणी. गाळण्याचं कापड गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुवायचं आणि ते पाणी, त्यातल्या जीवांसह, परत विहिरीत पोचवायचं. वरून ओतायचं नाही. बुडाला कडी असलेली बादली पाण्यापर्यंत खाली न्यायची आणि तिथे उलटी करायची, म्हणजे जीवांना आपटसुद्धा बसत नाही. यातला सगळ्यात मोठा नियम असा, की जीवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत गेली पाहिजे. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात टिकेलच असं नाही, आणि टिकला तरी तो तिथल्या जीवांना सुखाने राहू देईलच असं नाही.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. तळहाताएवढं हिरवं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं आहे. ते ताटाएवढं वाढतं आणि आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. चिलापी मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आला. आज उजनीच्या जलाशयात त्याचंच राज्य आहे. ‘मांगूर’ म्हणून विकला जाणारा मोठा मासा पुष्कळदा आफ्रिकेचाच असतो. तो इतर मासे खाऊन टाकतो, म्हणून आपल्या देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. काचेच्या टाकीतलं शेवाळ खाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तोही उजनीत पोचला आहे, तो कोणीतरी टाकीतून सोडल्याशिवाय नाही. असा एक मासा सोडला की एका जिवाला अभय मिळतं आणि त्या पाण्यातल्या हजारो जिवांना भय. हिशेब अहिंसेचाच करायचा, तर पुरता करूया.

काही जणी विचारतील, “मग टोपलीतल्या माशाला डोळ्यांदेखत मरू द्यायचं का?” हा प्रश्न मलाही बोचतो. पण आपण दहा मासे विकत घेतले, की विक्रेता दुसऱ्या दिवशी वीस आणतो. आपल्या दयेचं गिऱ्हाईक होतं आणि त्या धंद्याला बळ मिळतं. घरच्या टाकीतले मासे नकोसे झाले असतील, तर ते टाकी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यावेत. मुलांच्या वाढदिवसाला मासे आणि कासवं भेट देणं तर बंदच व्हावं.

आपल्या कोल्हापूर भागाची पंचगंगा पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून ती होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला भेटते. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी तिच्यात उतरतं. त्या पाण्यातल्या खतावर जलपर्णी माजते. हीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिने पाणी झाकलं की खाली प्राणवायू कमी होतो, आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, ती दूषित पाण्यामुळेच. एका गाळण्याने वाचवलेले जीव आणि मोरीतून गेलेल्या साबणाने मारलेले जीव, यांची बेरीज कोण करणार? जीवाणी नदीपर्यंत पोचते, तशीच आपली मोरीही पोचते.

याउलट महाडजवळ काळ नदीतला वाळणकोंड आठवा. त्या डोहातले महाशीर मासे देवीचे मानतात, त्यामुळे तिथे त्यांना कोणी मारत नाही. लोकांनी बाहेरून काही आणून सोडलं नाही. जे जिथलं होतं, ते तिथेच राहू दिलं. एवढ्यानेच ते मासे वाचले. धर्म वेगळा, पद्धत वेगळी, पण वृत्ती आपल्या जीवाणीचीच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. यंदा मासे सोडण्यासाठी वर्गणी काढू नका. तो पैसा मंदिराच्या किंवा गावच्या जुन्या विहिरीचा गाळ काढायला, तिला कठडा आणि जाळी बसवायला द्या. काम करताना आधी पाण्यातले जीव जपून बाजूला ठेवायचे आणि पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. घरात साबणाची पावडर निम्मी करून पाहा, कपडे तेवढेच निघतात. पूजेची फुलं नदीत न टाकता कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ देत. आणि मंडळाच्या सभेत ठराव करून नगरपालिकेला विचारा, की आपल्या वॉर्डाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं की थेट ओढ्यात? पंधरा बायका एकत्र जाऊन विचारतात, तेव्हा कागद हलतो.

जलपर्णी काढण्यातही हिंसा नाही का, असं कोणी म्हणेल. आहे. संसारात राहून हिंसा शून्य होत नाही, ती कमी करत जायची, हेच श्रावकाचं अणुव्रत. दहा रोपं आजच काढली, तर पुढच्या महिन्यात हजार काढावी लागत नाहीत.

अभयदान म्हणजे जिवाला त्याची जागा मिळणं. ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात, आणि ते पाणी जगण्याजोगं. आपल्या आज्ज्यांना शास्त्रातले मोठे शब्द ठाऊक असतील-नसतील, पण कडीची बादली सोडताना त्यांना हे पक्कं कळलेलं होतं.

जय जिनेंद्र.