दाखल्यासाठी हेलपाटे
घरातले कोणी गेले की दिवसकार्य उरकण्याआधीच बँक, विमा, सातबाऱ्यावरची वारसनोंद, सगळीकडे एकच कागद मागितला जातो : मृत्यूचा दाखला. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि खबर देणाऱ्याला दाखला मोफत मिळायला हवा. वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. खरी फरफट होते ती ठिकाणामुळे. नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथे होते. गडहिंग्लजचा रुग्ण पुण्यातल्या रुग्णालयात दगावला, तर दाखला पुणे महापालिकेचा. नावात एका अक्षराची चूक निघाली की पुन्हा पुण्याची वारी. २०२३च्या दुरुस्तीने ऑनलाइन दाखल्याची सोय कायद्यात आणली, पण चुकांचे काय? रुग्णालयांनी खबरीचा फॉर्म पाठवण्याआधी तो नातेवाइकांना वाचायला द्यावा आणि दुरुस्तीचा अर्ज राहत्या गावच्या ग्रामपंचायतीतही घ्यावा. अशा नोंदी पिढ्यानंतरही लागतात : कोतवाल बुकातल्या, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या मोडी नोंदींवर आज कुणबी दाखले मिळत आहेत. आज कारकुनाने निष्काळजीपणे लिहिलेल्या नावाचा भुर्दंडही उद्या नातवंडांनाच पडेल.